शामूमामाने उघडलेली पत्रिका

शामूमामाने स्नेहलला कामावरून काढलं हे मला मामीकडून कळलं, आणि ऐकता ऐकताच मला कळून चुकलं की मामाचं काहीतरी चुकतंय. हा अंदाज नव्हता, खात्री होती. वेबसाइट बनवणं आणि सांभाळणं हा माझा धंदा आहे. नगरला सावेडीत माझं ऑफिस आहे. पाटीवर आता अहिल्यानगर आलंय, बोलताना तोंडात अजून नगरच येतं. या धंद्यात 'मुलीनेच मुद्दाम केलं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं. लोकांना एखादी गोष्ट कळली नाही की ते आधी माणूस शोधतात, आणि तोही ऑफिसातला सगळ्यात कमी पगाराचा. समजून घ्यायला वेळ लागतो, आळ घ्यायला लागत नाही.

मामाचं श्रीरामपूरला 'अक्षत' नावाचं वधू-वर सूचक केंद्र आहे. मामा शाळेत गणित शिकवायचा, तेव्हापासूनच लग्नं जमवायचा. नोकरीत असताना धंदा करता येत नाही म्हणून केंद्राची नोंदणी शोभामामीच्या नावावर झाली, ती आजही तशीच आहे. मेन रोडच्या मागच्या गल्लीत घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. सगळ्या समाजाची स्थळं येतात, बेलापूरपासून नेवाशापर्यंतची. मामाचा एक नियम साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे: स्थळाबद्दल काही बरंवाईट कानावर आलं की ते दोन्ही बाजूंना सांगायचं, झाकून काही ठेवायचं नाही. या एका नियमावर त्याने नाव कमावलंय. 'गुरुजींनी सांगितलं' म्हटलं की लोक पुढची चौकशी करत नाहीत.

केंद्राची वेबसाइट मी करून दिली. मुलामुलींची माहिती आणि फोटो सगळ्यांना दिसतात, फोन नंबर मात्र केंद्राने परवानगी दिल्यावरच. नंबर झाकून ठेवण्याचं हे काम एक प्लगइन करायचं. प्लगइन म्हणजे साइटला वरून जोडायचा तयार भाग. दुसऱ्या कोणीतरी बनवलेला, हजारो साइटवर बसवलेला. त्याच्या सेटिंगच्या पानावर एक खूण होती: नंबर कोणाला दिसावेत, परवानगीवाल्यांना की सर्वांना. मार्चमधल्या एका संध्याकाळी ती खूण 'सर्वांना'वर गेली. केंद्रातल्या यच्चयावत मुलींचे नंबर उघड्यावर आले आणि ते उघडे आहेत हे कळेपर्यंत कोणीतरी ते गोळा करूनही नेले.

मग फोन सुरू झाले. कोणाला 'मी परदेशात असतो, व्हिडिओवर बोला' म्हणणारे, कोणाच्या वडिलांना बँकेतून बोलतोय म्हणून आकडे विचारणारे, आणि काही तर नुसतेच घाणेरडे. मुलींच्या आयांनी मामाला फैलावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. मामाने साइटची नोंद उघडून पाहिली. बदल कोणी केला याची नोंद साइट ठेवते. तिथे स्पष्ट होतं: बदल करणारा 'शामकांत', ठिकाण ऑफिसचाच कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर दोघंच बसतात, मामा आणि स्नेहल. मामाने गणित मांडलं. मी केलेलं नाही, दोघांतून एक वजा, उरली एक.

स्नेहल टाकळीभानची. घरी शेती, स्वतः बी.कॉम. एसटीने यायची आणि आल्या आल्या कामाला लागायची. फॉर्म भरून घेणं, फोटो चढवणं, रडक्या आयांना आणि तिरसट बापांना सांभाळून घेणं, सगळं तीच करायची. मामाने तिला समोर उभं केलं तेव्हा ती एकदाच म्हणाली, 'मी न्हाई केलं, काका.' मग पिशवी उचलली आणि गेली. रडली नाही, म्हणून मामाला ती जास्तच दोषी वाटली. माणसांना पारखण्यावर ज्याचं पोट चालतं तो इतका आंधळा कसा होतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी फोनवरच भांडले असते. पण स्नेहलचं लग्न ठरत आलं होतं, आणि तेही 'अक्षत'मधूनच. मुलगा ओम, राहात्याचा. घरची पेरूची बाग, शिर्डीत लॉज. त्याचे वडील राधाकृष्ण यांना मामाने स्वतः फोन केला. नियमच ना. मुलीबद्दल असं असं कानावर आलंय, खात्री होईपर्यंत तुम्ही थांबलेलं बरं. राधाकृष्ण याद्या करायला टाकळीभानला आले तेव्हा बैठकीत साऱ्या भावकीसमोर म्हणाले की आत्ता यादी नको, जरा थांबू. का, ते कोणी विचारायची गरजच पडली नाही. तालुक्यात बातमी आधीच पोचली होती की गुरुजींकडच्या पोरीने मुलींचे नंबर विकले.

रविवारी केंद्राचा वधू-वर मेळावा होता. मामा स्टेजवरून सांगणार होता की ज्या मुलीने हे केलं तिला काढून टाकलंय, आता निश्चिंत राहा. नाव घेणार नव्हता म्हणे. नाव घ्यायची गरज काय होती? एकदा गुरुजी माईकवर बोलले की ती पोरगी आयुष्यभर नंबर विकणारी म्हणून राहिली असती, आणि ओमचंच काय, दुसरं कुठलंही स्थळ त्या दारात आलं नसतं. मामी फोनवर एवढंच म्हणाली, 'मधू, तू ये. मला ती पोर खोटी वाटत नाही, पण यांना समजावणं माझ्या हातात नाही.' मी शुक्रवारची एसटी धरली.

पोचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळे नंबर साइटवरून काढूनच टाकले. आता प्लगइनपाशी झाकायलाही काही नव्हतं आणि उघडं पाडायलाही. मग सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली आणि सर्व्हरच्या नोंदी काढल्या. मामा शेजारी खुर्ची ओढून बसला होता, पेपर तपासताना बसायचा तसा, चूक सापडायची वाट बघत. सेटिंग बदलण्याचा हुकूम त्याच्याच कॉम्प्युटरवरून आला होता हे खरं. पण तो हुकूम आमच्या सेटिंगच्या पानावरून निघालाच नव्हता. तो निघाला होता दुसऱ्याच एका वेबपानाच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता उघडला तर समोर आली एक लग्नपत्रिका. गणपती, सनईचा आवाज, वरून पडणाऱ्या पाकळ्या.

मला लगेच उलगडा झाला, कारण मी मामाला ओळखते. त्याच्या दोन सवयी आहेत. पहिली, तो साइटवरून कधीच बाहेर पडत नाही. आपल्याकडे दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मामाचं म्हणणं, जिथे लग्नं जमतात त्या जागी रोज संध्याकाळी 'बाहेर पडा' या बटणावर बोट ठेवायचं म्हणजे अपशकुन. मी साइट करून दिली तेव्हाच यावरून आमचा खटका उडाला होता. तो फक्त स्क्रीन बंद करतो. आत त्याचं लॉगिन दिवसरात्र चालू. दुसरी सवय, आलेली पत्रिका तो न उघडता ठेवत नाही. कागदाची असेल तर देवापुढे ठेवतो, मोबाईलवरची असेल तर ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर उघडून हात जोडतो. लग्नाचं आमंत्रण बंद ठेवणं म्हणजे त्या जोडप्याचा अपमान, असं तो मानतो. आपल्या जिल्ह्यात लग्नं जमवणारे असे आणखी शंभर मामा असतील. पत्रिका पाठवणाऱ्याला हे बरोबर माहीत होतं.

मी मामाला समजावलं. घरातलं लहान पोर कोपऱ्यावरच्या दुकानात जातं आणि म्हणतं, 'मामांनी साखर सांगितलीय.' दुकानदार पोराला ओळखतो, मामांच्या घरचं आहे म्हणून देऊन टाकतो. एक दिवस वाटेत कोणी परका माणूस पोराला म्हणतो, 'दुकानात सांग, मामांनी तेलाचा डबा सांगितलाय, आणि तो त्या रिक्षात ठेवायला सांग.' पोर जातं, सांगतं. दुकानदार ठेवतो. पोर खोटं नाही, दुकानदार चोर नाही, तू तर घरी झोपलेला आहेस. चूक कुठे झाली? दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. आपला ब्राउझर म्हणजे ते पोर. तू लॉगिन केलेलं आहेस एवढी ओळख तो सगळीकडे बरोबर घेऊन फिरतो. पत्रिकेच्या पानाने त्याला मागच्या मागे आपल्या साइटकडे पिटाळलं, आणि प्लगइनने चिठ्ठी न मागता हुकूम पाळला. चांगलं प्लगइन प्रत्येक वेळी नवी गुप्त खूण देतं आणि ती परत आली तरच काम करतं. बाहेरच्या पानाला ती खूण माहीत असू शकत नाही. या प्लगइनच्या बनवणाऱ्यांनी तेवढं केलं नव्हतं. त्यात मामाचा कॉम्प्युटर पुरातन. नवे ब्राउझर अशा गोष्टी थोड्याफार अडवतात, त्याचा अडवत नव्हता.

मामाने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, मी त्या सेटिंगच्या पानावर त्या दिवशी गेलोच नाही. जिथे मी गेलो नाही तिथे माझा हात पोचला असं तू म्हणतेस, तर सिद्ध कर. मी म्हटलं, नोंद समोर आहे की. तो म्हणाला, नोंदीत तर माझं नाव आहे, आणि मी केलेलं नाही, म्हणजे तुझ्याच म्हणण्याप्रमाणे नोंदीवर भरवसा नाही. गणिताच्या मास्तराशी वाद घालू नये. वर त्याने हेही सांगून टाकलं की आता आपण सावध झालो आहोत, अनोळखी माणसाची पत्रिका यापुढे उघडणार नाही, तेव्हा असल्या गोष्टी आपल्याशी पुन्हा व्हायच्या नाहीत.

अनोळखी माणसाची नाही ना, मी मनात म्हटलं. ठीक आहे.

शनिवारी सकाळी मी मामीला विचारलं की साइटवर एक प्रयोग करून बघू का. केंद्र तिच्या नावावर आहे, तिची परवानगी हवी. एक खोटी पत्रिका मामाला पाठवणार आहे, एवढंच सांगितलं. कोणाची, ते सांगितलं नाही. मामी म्हणाली, कर. मग मी माजघरात बसून पत्रिका केली. त्याच प्लगइनमध्ये साइटच्या माथ्यावर सूचना दाखवायची एक पट्टी होती. नंबरांना हात न लावता फक्त त्या पट्टीतला मजकूर बदलेल, असा हुकूम पत्रिकेच्या पाठीमागे बसवला. पुढे गणपती, पाकळ्या, आणि नावं: चि. सौ. कां. मधुवंती आणि चि. केदार.

माझं लग्न झालेलं नाही. करायचं नाही असं नाही, पण मामाने आणलेली स्थळं मी एकेक करून परत पाठवलीत, आणि साऱ्या तालुक्याची लग्नं जमवणाऱ्या माणसाला घरच्या भाचीचं जमवता येत नाही याची त्याला खंत आहे. ती तो बोलून दाखवत नाही, इतकंच. हे सगळं मला माहीत होतं, आणि माहीत असून मी ती पत्रिका त्याला पाठवली. खाली लिहिलं, 'मामा, समोर बसून सांगायला धीर होत नव्हता. उघडून बघ.'

पाठवून मी दाराशी येऊन उभी राहिले. मामाने मोबाईल पाहिला, चष्मा पुसला आणि लगबगीने कॉम्प्युटरकडे वळला. सनई वाजली. त्याने मामीला हाक मारली, ती यायच्या आत दुसऱ्यांदा मारली. मामी कणकेच्या हातांनी आली, वाचलं आणि तिथेच पदर डोळ्यांना लावला. मामा हात जोडून उभा होता. मला बघून म्हणाला, केदार म्हणजे कुठले, नाशिकचे का? आणि मामी आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली.

मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. दोघांचे चेहरे इतके उजळले होते की क्षणभर वाटलं, सांगूच नये काही, केदार नावाचा कोणी तरी शोधून काढावा. पण टाकळीभानला एक पोरगी घरात कोंडून बसली होती. मी म्हटलं, 'मामा, साखर नंतर. आधी आपली साइट उघड.'

त्याने उघडली. माथ्यावरच्या पट्टीत लिहिलं होतं: 'ही ओळ शामकांत यांनी स्वतः लिहिली आहे. मधुवंतीने या कॉम्प्युटरला हातही लावलेला नाही.' त्याने ते दोनदा वाचलं. मग नोंद उघडली. बदल करणारा: शामकांत. ठिकाण: हाच कॉम्प्युटर. वेळ: आत्ताची.

'आणि केदार?' मामाने विचारलं.

'केदार कोणी नाही, मामा.'

मामी साखरेचा डबा घेऊन आत गेली. मामा खुर्चीत बसला आणि मला वाटलं, आता हा मला बोलणार, आणि बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. स्क्रीनवरच्या नोंदीकडे बघत म्हणाला, 'ती पोरगी एकदाच म्हणाली, मी केलं नाही. मी तिला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. आणि राधाकृष्णांना फोन मी केला.'

यापुढचं काम सोपं आहे असं मला वाटलं होतं. मामा लगेच राधाकृष्णांना फोन करायला निघाला, तर मामी आतून बाहेर आली आणि तिने त्याला थांबवलं. फोनवर सांगितलेलं फोनवरच राहतं, म्हणाली. आळ चारचौघांत गेलाय, तो चारचौघांतच उतरवायचा. मग मी मामाला मेळाव्यात वाचायला दोन ओळी लिहून दिल्या: एका प्लगइनमधल्या त्रुटीचा गैरफायदा घेऊन बाहेरच्या व्यक्तीने साइटचे सेटिंग बदलले, सायबर पोलिसांकडे तक्रार केली आहे. अक्षर न् अक्षर खरं होतं. मामीने तो कागद वाचला आणि मला परत दिला. यात स्नेहल कुठे आहे, असं विचारलं. मी साइट वाचवायचं बघत होते, मामाचं नाव वाचवायचं बघत होते, आणि जिच्यासाठी धावत आले तिचं नावच विसरले होते.

त्या दुपारी मी ते प्लगइन काढून दुसरं बसवलं, आणि बनवणाऱ्यांना सगळा तपशील कळवला. त्यांनी पुढच्या आठवड्यात दुरुस्ती काढली, सौजन्याने आभारही मानले. मामाने टाकळीभानला फोन करून स्नेहलच्या वडिलांना, ज्ञानेश्वररावांना, मुलीला घेऊन मेळाव्याला यायला सांगितलं. ते म्हणाले, 'आता आनखी काय ऱ्हायलंय, गुरुजी?' मामा म्हणाला, राहिलंय म्हणूनच बोलावतोय.

मेळावा बेलापूर रोडच्या मंगल कार्यालयात होता. गर्दी दरवर्षीपेक्षा कमी, आणि जी आली होती ती रागावलेली. पुढच्या रांगांत मुलींच्या आया बसल्या होत्या, हाताची घडी घालून. राधाकृष्ण धाकट्या मुलासाठी स्थळं बघायला आले होते, ओमही होता सोबत. स्नेहल वडिलांबरोबर अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. लोक वळून वळून बघत होते. ती समोर बघत होती.

मामा माईकपाशी गेला. हातात कागद नव्हता.

'मध्यंतरी तुमच्या मुलींचे नंबर उघडे पडले,' तो म्हणाला. 'ते माझ्या हातून पडले. एक खोटी लग्नपत्रिका मी उघडली, आणि त्या पत्रिकेने माझ्याच नावाने माझ्या साइटला हुकूम दिला. मला कळलंही नाही. पण मला कळलं नाही म्हणून मी ते दुसऱ्यावर ढकललं. आमच्या ऑफिसात काम करणारी स्नेहल, ती तिथे मागे बसली आहे, तिने यात काहीही केलेलं नाही. मी तिच्यावर खोटा आळ घेतला आणि तिच्या ठरत आलेल्या लग्नात खोडा घातला. तिची आणि तिच्या वडिलांची मी तुमच्यासमोर माफी मागतो.'

सभागृहात कुजबुज झाली. एक आई उठून म्हणाली की माफी त्या मुलीची झाली, आमच्या मुलींना आलेल्या फोनांचं काय? मामाने तिचीही माफी मागितली, एकेका शब्दावर थांबत. मग मला बोलावलं. मी स्टेजवर जाऊन नंबर कसे काढून टाकलेत, तक्रार कुठे केली आहे, कोणते फोन उचलायचे नाहीत हे सांगितलं. प्रश्न येत राहिले, मी उत्तरं देत राहिले. हे माझं क्षेत्र आहे, इथे मी डगमगत नाही. हळूहळू पुढच्या रांगेतल्या हाताच्या घड्या सुटल्या आणि ओळख करून द्यायला नावं पुकारणं सुरू झालं.

जेवणाच्या सुट्टीत राधाकृष्ण ज्ञानेश्वररावांना खुणेने बाजूला घेऊन गेले, स्टेजच्या मागे, जिथे पाण्याचे जार ठेवले होते. मामा आणि मी तिथेच पाणी पीत होतो, म्हणून सगळं ऐकू आलं. राधाकृष्ण खालच्या आवाजात म्हणत होते की झालं गेलं विसरून जाऊ, गैरसमज होता, तो मिटला. वैशाखात चांगली तिथी आहे, याद्या कधी करायच्या तेवढं सांगा. ज्ञानेश्वररावांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं दिसत होतं. त्यांनी हात जोडले आणि मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

स्नेहल पुढे आली. 'दादा,' ती वडिलांना म्हणाली, 'थांबा म्हनले तवा हे याद्यांच्या बैठकीत म्हनले. चुलत्यांसमोर, समद्या भावकीसमोर. आता व्हय म्हनायला तुमाला पान्याच्या जारपाशी बोलावत्यात.'

राधाकृष्ण हसल्यासारखं करून म्हणाले की त्यात काय एवढं, मोठ्यांना जपून वागावं लागतं. ओम म्हणाला की तो घरी तेव्हाच म्हणाला होता, ही असं करणार नाही म्हणून.

'घरी म्हनला,' स्नेहल म्हणाली. 'मला एक फोन करून म्हनला का?'

ओमने खिशातून मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. राधाकृष्ण आता मामाकडे वळले. गुरुजी, स्थळ तुम्ही आणलेलं, तुम्हीच समजावा तिला, म्हणाले. मामा जमत आलेलं लग्न कधी मोडू देत नाही. रुसलेली व्याही-मंडळी, हुंडा नको म्हणणारा नवरा आणि देणारच म्हणणारा सासरा, सगळ्यांची समजूत काढून त्याने आजवर गाड्या रुळावर आणल्यात. मला वाटलं, आता हा तिला समजवायला लागणार. मी मध्ये पडायला पुढे झाले.

मामाने ग्लास खाली ठेवला. 'स्नेहल, तुझं काय म्हणणं आहे?' त्याने विचारलं.

'न्हाई करायचं मला, काका.'

ज्ञानेश्वरराव राधाकृष्णांना म्हणाले, 'पाव्हनं, पोरगी चुकीचं बोलंना.'

'मुलीकडून नकार आहे,' मामा राधाकृष्णांना म्हणाला, केंद्राच्या नेहमीच्या शब्दांत. राधाकृष्णांनी ओमला खूण केली आणि दोघं जेवायला न थांबता निघून गेले.

मग मामा स्नेहलकडे वळला. उद्यापासून कामावर येशील का, असं विचारताना त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

'तुमीबी इचारलं न्हवतं मला,' ती म्हणाली.

'नव्हतं विचारलं,' मामा म्हणाला.

'पन तुमी माईकवर बोलला. येते उद्या. फकस्त माझं लॉगिन माझ्या नावाचं पायजे. मी केलेलं माझ्या नावावर, तुमी केलेलं तुमच्या.'

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आजच देते.